थांबरेषेच्या मागे

४ फेब्रुवारी

प्रिय फूटपट्टी,

हे नाव तुझ्या काकांनी ठेवलं. आता त्या नावाने तुला हाक मारणारी मी एकटीच उरले, म्हणून तेच लिहिते. तू मोठ्या कचेरीत गेलास तरी पत्राच्या वर साहेब लिहायला माझा हात धजत नाही.

फोनवर मी त्यांचा विषय काढते. मग तू घाईघाईने जेवलीस का, झोप लागते का, असं काहीतरी विचारतोस आणि माझं बोलायचं राहून जातं. कागदावर मध्येच कुणी काही विचारत नाही.

परवा पोलिसांकडून अपघाताच्या कागदाची नक्कल मिळाली. त्याला पाच महिने लागले. आहे एकच पान. मागून आदळलेल्या ट्रकचा नंबर, आपल्या व्हॅनचा नंबर, वेळ संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं, आणि मधोमध हे वाक्य: "सदर व्हॅन सरळ जाणाऱ्या लेनमध्ये विनाकारण उभी होती."

तू आमच्याकडे तीन वर्षं राहून शिकलास. तूच सांग, हा माणूस कधी कुठे विनाकारण उभा राहिला का? फोटोला उभं राहा म्हटलं तरी विचारायचे, "कशाला? काय बिघडलंय?" व्हॅनमध्ये मागे दुरुस्तीला आणलेली लोकांची चार शिलाई मशिनं असताना ते भर रस्त्यात उगाच थांबतील? ते घरी येत होते. चौकात वळायला थांबले होते. रांग होती म्हणून थांबले होते.

मला त्या कागदातून हा एक शब्द काढून हवा आहे. बाकी काही नको. माणूस परत येणार नाही हे मला कळतं, ते कुणी मला समजावू नये. पण त्यांच्या नावापुढे जगात जो शेवटचा शब्द लिहिला गेला तो खोटा आहे, आणि तो तसाच राहिला तर मला जेवण जात नाही.

चौकातले दिवे आणि पट्टे तुमचीच कचेरी ठरवते. वळायच्या लेनमध्ये किती गाड्या मावतात, दिवा किती वेळ हिरवा राहतो, हे मला समजेल असं लिही. माझी शाळा चौथीत सुटली हे खरं, पण मशिनींच्या माहितीपुस्तिका वाचून वाचून मी वाचायला शिकले आहे. अवघड असलं तरी चालेल. मी दोनदा वाचेन.

तुझी काकू

१७ फेब्रुवारी

प्रिय काकू,

पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. काका विनाकारण थांबणारे नव्हते, हे मी कुणासमोरही सांगेन. पण पोलिसांचे कागद असेच असतात. लिहिणाऱ्याला पान भरून घरी जायचं असतं. तू ते मनाला लावून घेऊ नकोस.

तू विचारलंस म्हणून लिहितो. दिवा हिरवा झाला की पहिली गाडी लगेच हलत नाही. चालवणाऱ्याचं लक्ष जायचं, पाय हलायचा, मग गाडी हलायची, त्यात दोन सेकंद जातात. त्यानंतर साधारण दर दोन सेकंदांना एक गाडी थांबरेषा ओलांडते. आपल्या चौकात वळणाऱ्यांना चौदा सेकंद हिरवा मिळतो. म्हणजे एका फेरीत सहा गाड्या. दिव्यांची पूर्ण फेरी दोन मिनिटांची, तासाला तीस फेऱ्या, म्हणून तासाला एकशे ऐंशी. याला आम्ही वळणाऱ्या लेनची क्षमता म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी तिथे मोजणी झाली होती. कडेच्या फुलझाडांच्या कुंड्या काढून लेन लांब करावी, हिरवा वेळ वाढवावा, असा एक प्रस्ताव होता. मोजणीत वळणाऱ्या गाड्या तासाला एकशे ऐंशी भरल्या. म्हणजे लेन पुरेशी आहे असं ठरलं आणि प्रस्ताव बारगळला. कागदावर एवढंच आहे.

काकू, तू मशीन त्या खिडकीतून हलव बघू. आतल्या खोलीत शिवत जा. रोज तो चौक बघून काय होणार?

तुझा,
फूटपट्टी

२ मार्च

प्रिय फूटपट्टी,

मशीन हलवलं नाही. उलट खिडकीच्या आणखी जवळ ओढलं.

तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि समजलं. तू छान समजावतोस, मास्तर व्हायला हवं होतंस. मग मी बटणांचे दोन डबे घेऊन बसले. एखादी गाडी वळणाऱ्यांच्या रांगेच्या शेपटाला येऊन लागली की ताटलीत एक पांढरं बटण टाकायचं. एखादीने थांबरेषा ओलांडली की दुसऱ्या ताटलीत एक काळं. संध्याकाळी पाच ते सात, असे आठ दिवस. दोन झगे आणि एक पडदा उशिरा गेला, गिऱ्हाइकं कुरकुरली.

काळी बटणं प्रत्येक फेरीत सहा. तू म्हणतोस तसंच. कधी पाच नाही, कधी सात नाही. पण पांढरी साडेपाचनंतर सात-आठ पडतात. फेरीला एक-दोन गाड्या मागे उरतात, त्या पुढच्या फेरीच्या डोक्यावर बसतात, आणि सहाच्या सुमाराला अठरा-वीस गाड्या उभ्या असतात. कुणी कंटाळून सरळ निघून जातो. राहतात त्यांना तीन हिरवे दिवे बघावे लागतात.

रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना खाली जाऊन वळायची लेन माझ्या टेपने मोजली. बावीस टेप भरली, म्हणजे तेहतीस मीटर. सिग्नलवरचा पोलीस जवळ आला. म्हणाला, "काय ताई, रस्त्याला झगा शिवताय का?" मी म्हटलं, "झगा आहे, पण आखूड झालाय. दुमडीत कापड शिल्लक आहे का बघते." कुंड्या काढल्या तर आणखी सतरा टेप आहे. तो हसला आणि टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला. बरा माणूस आहे. जाताना मला म्हणाला, "ताई, संध्याकाळी इथे मीच जीव मुठीत धरून उभा असतो."

तेहतीस मीटरमध्ये पाच गाड्या मावतात आणि सहावीचं तोंड. उरलेल्या तेरा कुठे उभ्या राहणार? सरळ जाणाऱ्या लेनमध्ये, पार उताराच्या पायथ्यापर्यंत. आणि उतारावरून येणाऱ्याला सरळचा दिवा हिरवा दिसत असतो.

आता मला खटकतं ते सांगते. लेन किती गाड्या सोडू शकते? एकशे ऐंशी. आल्या किती? त्याही एकशे ऐंशी. मी चाळीस वर्षं शिवते आहे. माणसाचं माप घ्यायच्या ऐवजी त्याच्या जुन्या कपड्याचं माप घेतलं की असंच होतं. आकडा तंतोतंत जुळतो, आणि तो कपडा त्याला काचतोय हे कुणाला कळत नाही. तुमच्या माणसाने रेषा ओलांडलेल्या गाड्या मोजल्या. आलेल्या मोजल्याच नाहीत.

मोजायला कोण बसलं होतं? त्याचं नाव कळलं तर मी भांडायला जाणार नाही. त्याने फक्त लिहून द्यावं की मागे रांग होती. मग तो शब्द निघेल.

काकू

११ एप्रिल

प्रिय काकू,

उत्तराला उशीर झाला. इथे कामं फार साचली आहेत आणि मध्यंतरी मला तापही येऊन गेला.

तुझी बटणांची मोजणी बघून मी चकित झालो. खरंच. पण ऑफिसला अशी मोजणी चालत नाही. तिला ठरावीक तक्ता लागतो, सही लागते. जुने तक्ते बहुतेक नष्ट करतात. मोजायला कोण होतं ते आता सांगता येणार नाही, कुणीतरी नवा कनिष्ठ माणूस बसवलेला असतो. त्याला सांगितलेलं असतं तेवढं तो करतो. रेषेपाशी बस, रेषा ओलांडेल ती मोज. त्यात त्याचा तरी काय दोष.

या विषयावरचं एक पुस्तक सोबत पाठवतो. जाड आहे. शब्दकोशही पाठवतो. तुझा वेळ जाईल.

मनात काही ठेवू नकोस.

फूटपट्टी

२६ एप्रिल

प्रिय फूटपट्टी,

पुस्तक मिळालं. तू आजारी होतास हे मला कळवायचं नाही का? सुंठ घालून पाणी पीत जा.

पुस्तकाची ऐंशी पानं झाली. पहिल्या दिवशी दीड पान झालं होतं. एकसष्टाव्या पानावर माझीच बटणं सापडली. तिथे लिहिलंय की रांग उरत असेल तर रेषेवर मोजू नये, रांगेच्या शेपटाशी मोजावं, नाहीतर मागणी कळत नाही, फक्त लेनची ताकद कळते. पुस्तक तुझंच आहे, वर तुझं नाव आहे. त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. ती जुनी की आत्ताची, ते मला ओळखता आलं नाही.

तक्ते नष्ट करत नाहीत. मी इथल्या कचेरीत जाऊन आले. नोंदी सांभाळणारी बाई म्हणाली, "इथे वकील येतात. तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "मी शिवणकाम करते."

"मग इथे काय शिवायचंय?"

"तुमची उजवी बाही. खांद्यावर उसवली आहे."

तिने वळून बघितलं आणि कपाळाला हात लावला. सकाळपासून तशीच बसली होती बिचारी. माझ्या पिशवीत सुई असतेच. मी बाही शिवली आणि तिने फाईल शोधली.

तक्ता पाहिला. ओळीने सहा, सहा, सहा. पाच रेघांची एक जुडी आणि पुढे एक सुटी रेघ, असं पानभर. जुडीवरची पाचवी, तिरकी रेघ सगळे वरून खाली मारतात. याने खालून वर मारली होती. माझ्या कापडावर खडूने खुणा करताना कुणीतरी तशीच मारायचं, आणि मी ओरडायचे की खडू मोडेल.

खाली आद्याक्षरं आहेत. मी त्या बाईकडून नक्कल घेतली आणि घरी आले.

तुला मी काही विचारत नाही. जे विचारायचं ते मार्चमध्ये विचारून झालं आहे.

काकू

१९ जून

काकू,

सात आठवडे झाले. तुझ्याकडून एक ओळ नाही. बरोबर आहे, पाळी माझी आहे.

तो मीच होतो. नोकरीचा दुसरा महिना होता. मला एक घडीची खुर्ची, एक तक्ता आणि एक पेन दिलं. वरिष्ठ म्हणाले, "दिव्यांच्या पेटीच्या सावलीत बस, रेषा ओलांडेल ती मोज, डोकं चालवू नकोस." मी डोकं चालवलं नाही. पेटीमागून रांगेचं शेपूट दिसत नव्हतं. उठून चार पावलं मागे गेलो असतो तर दिसलं असतं. ऊन होतं.

आणखी एक आहे. ते लिहायलाच इतके दिवस लागले.

त्या संध्याकाळी काका आले. व्हॅन घेऊन, वळायला. माझ्यापाशी आल्यावर काच खाली केली आणि ओरडले, "अरे फूटपट्टी, मी तिसऱ्या हिरव्यात पोचलोय! माझ्या तीन रेघा ओढ!"

मी हसलो. म्हटलं, "काका, रेषेपाशी आलात की मोजणार. त्याआधी तुम्ही रस्त्यावर नाहीच."

तेही हसले. म्हणाले, "मग एवढा वेळ काय मी घरी होतो?" दिवा हिरवा होता, मागून हॉर्न वाजला आणि ते वळून गेले. मी एक रेघ ओढली.

त्यांनी मला सांगितलं होतं, काकू. मागे रांग आहे हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं, आणि मी चेष्टेवारी नेलं. ते गेल्याचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? तेराव्या दिवसापर्यंत मी तुझ्यासमोर बसून होतो. तू मला वाढत होतीस.

काल मी सगळं लिहून वरिष्ठांना दिलं. मोजणी चुकीच्या जागी केली, मागे रांग होती, रांगेतल्याने मला तसं सांगितलं होतं. खाली पूर्ण सही केली. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "तुला नोकरी नकोशी झाली आहे का?" मी म्हटलं, हो. त्यांनी तो कागद घेतला आणि पोच दिली. पोच सोबत आहे.

तू काय लिहिशील ते लिही. काही लिहिलं नाहीस तरी मला समजेल.

मी

२७ जून

प्रिय फूटपट्टी,

"मी तुला माफ केलं" असं लिहायला घेतलं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. खोटं लिहिण्यापेक्षा थांबते. तुझा राग येतो असंही लिहून पाहिलं. तेही पूर्ण खरं नाही. शर्टाच्या मापासाठी तुझ्या मानेभोवती टेप धरायचे तेव्हा तू गुदगुल्या होतात म्हणून हसायचास, ते मध्येच येतं.

तुझं पत्र वाचताना मला एक आठवलं. त्या संध्याकाळी ते हसतच घरात आले होते. म्हणाले, "आज आपल्या पोराने मला मोजलं. सरकारदरबारी नोंद झाली माझी." मी म्हटलं, "झाली ना? आता तरी ऐटीत चहा प्या." ही गोष्ट मी साफ विसरले होते. तक्ता हातात धरूनही आठवली नव्हती.

आता माझं ऐक. तू एकटाच नव्हतास.

रांगेच्या शेपटाला लागले की ते व्हॅनचा दिवा दोनदा उघडमीट करायचे. आपल्या खिडकीतून दिसायचा. दिवा दिसला की मी उठून चहाचं आधण ठेवायचे. तीन फेऱ्या म्हणजे सहा मिनिटं. ते जिना चढून दारात यायचे आणि पाणी उकळायचं. वर्षानुवर्षं असं चाललं होतं. रांग मला ठाऊक होती, फूटपट्टी. ती रोज त्याच उतारापाशी पोचते हे मला तुमच्या साऱ्या कचेरीच्या आधी ठाऊक होतं. मी तिचा उपयोग घड्याळासारखा करत होते. लांबचा वळसा घेऊन या, असं मी एकदाही म्हटलं नाही, कारण माझा चहा वेळेवर होत होता.

त्या दिवशीही दिवा दिसला. मी उठून आधण ठेवलं. पाठ खिडकीकडे होती. आवाज झाला तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी लोखंडी दार पडलं. पाणी उकळलं, मी गॅस बारीक केला, आणि आज उशीर का झाला म्हणून जरा चिडले.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तुझी पोच जोडून मी अर्ज केला, आणि तुझ्या जबाबामुळे इथल्या कचेरीला हलावं लागलं. पत्र आलंय. चौकाची पुन्हा मोजणी होणार, बारा ऑगस्टला, शेपटाशी बसून. त्यात रांग दिसली तर पोलिसांच्या कागदात दुरुस्ती सुचवतील असं लेखी दिलं आहे. मी त्या दिवशी शिवणार नाही. दोन्ही डबे भरून ठेवले आहेत.

काकू

१४ ऑगस्ट

काकू,

तू खिडकीतून पाहिलंच असशील. तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

एक ऑगस्टला तिथे वळायलाच बंदी झाली. तो हुकूम दुसऱ्या विभागाचा. अपघात होतात म्हणून वळण बंद, सगळ्यांनी सरळ जावं आणि पुढच्या चौकातून फिरून यावं. त्यांना मोजणीचं माहीत नव्हतं. मोजणीवाल्यांना बंदीचं माहीत होतं, पण तारीख ठरली होती, माणसं ठरली होती, खुर्च्या आल्या होत्या. म्हणून ते बसले. मी इथून दोनदा फोन केला, थांबा म्हटलं. पलीकडचा म्हणाला, "साहेब, तारीख रद्द करायची तर नवा अर्ज लागेल, आणि अर्जदार बाई आहेत, तुम्ही नाही."

ते शेपटाशी बसले, पुस्तकात सांगितलंय तसंच. दोन तास. निष्कर्ष असा आहे: "वळणारी वाहने: शून्य. रांग: आढळली नाही. तक्रारीत तथ्य दिसून येत नाही. प्रकरण बंद." माझा जबाब फाईलला जोडला आहे. त्यावर "पाहिले" असा शिक्का आहे.

मला त्यांनी नोकरीवरून काढलं नाही. मी काढतील असं धरून चाललो होतो. काढलं असतं तर तो कागद कुणीतरी खरा मानला असं तरी झालं असतं. मला तळमजल्यावर पार्किंगचे परवाने द्यायला बसवलं आहे. दिवसभर खिडकीत बसतो. लोक रांगेत उभे असतात. मी सारखा उठून रांग कुठपर्यंत गेली ते बघतो. बाकीचे हसतात.

नवा अर्ज करता येईल. मी मसुदा लिहून पाठवू का?

मी

३० ऑगस्ट

प्रिय फूटपट्टी,

मसुदा पाठवू नकोस.

मी त्या दिवशी पाच वाजल्यापासून खिडकीत होते. ती दोन मुलं छत्री लावून उताराच्या पायथ्याशी बसली होती. नेमकी त्याच जागी. चांगली मुलं होती, एकदासुद्धा उठली नाहीत, इकडे तिकडे बघितलं नाही. त्यांच्यासमोरून सगळ्या गाड्या भरधाव सरळ गेल्या. मी पांढऱ्या बटणाचा डबा मांडीवर धरून होते. सात वाजता त्यांनी खुर्च्या मिटल्या. मी डबा बंद केला. झाकणाचा आवाज झाला तेवढाच.

तो पोलीस मला भेटला. म्हणाला, "ताई, तुम्ही लांबी वाढवा म्हणत होतात, यांनी बाहीच कापली." मी हसले नाही म्हणून तो ओशाळला.

आता अर्जात काय लिहू? तिथे रांग नाही. तिथे कधी रांग होती हे सांगणारी माणसं म्हणजे तू, मी, आणि ते. तुझ्या सांगण्यावर शिक्का बसला. मला कुणी विचारणार नाही, मी बायको. आणि ते तर गेले. पुढे कुणी कधी तो कागद वाचला आणि चौक बघायला आला, तर त्याला दिसेल की इथे थांबायला कारणच नाही. तो शब्द आता खरा झाला, बघ. त्यांनी कागद दुरुस्त करायच्या ऐवजी रस्ता कागदाप्रमाणे दुरुस्त केला.

पुस्तक तुला परत पाठवते. ते चांगलं आहे, त्याचा काही दोष नाही.

आधण मी अजून ठेवते. सहाला. त्याला काही अर्थ नाही हे मला कळतं, तेही कुणी समजावू नये.

मी बरेच दिवस-रात्र विचार करून एका गोष्टीपाशी आले आहे. तू त्यांना चेष्टेत म्हणालास ना, रेषेपाशी आलात की मोजणार, त्याआधी तुम्ही रस्त्यावर नाहीच. चार सप्टेंबरला ते रेषेपाशी आलेच नाहीत. म्हणून त्यांना कुणी मोजलं नाही. पण त्याआधी एकदा ते आले होते. कुठल्यातरी सरकारी कागदावर ते रांगेतून येऊन रीतसर वळले आहेत. त्या तक्त्याची नक्कल माझ्याजवळ आहे. साठ फेऱ्या आहेत, प्रत्येकीत सहा रेघा, सगळ्या सारख्या. काल दिवसभर भिंगाने बघत बसले होते. त्यातली एक त्यांची आहे आणि मला ती ओळखता येत नाही.

चार तारखेला वर्ष होईल. तू ये किंवा येऊ नकोस, ते तुझ्यावर. मला फक्त एवढं सांग, त्यांची रेघ कुठली?

काकू

६ सप्टेंबर

काकू,

चार तारखेला मी आलो होतो. पुढच्या चौकातून फिरून तुझ्या जिन्यापाशी पोचलो तेव्हा सहा वाजले होते. वर खिडकीत वाफ दिसली. मला जिना चढवेना. परत गेलो.

तुझं उत्तर. तक्त्याचं पहिलं पान, पाच वाजून बावन्न मिनिटांची फेरी. जुडीतली नाही. जुडीच्या पुढची सुटी, सहावी.

त्यांच्या मागे दिवा लाल झाला. त्यांच्या मागे किती जण उभे होते, ते मी वळून बघितलं नाही.

मी